अकराशे ऐंशी

करंजा,
४ फेब्रुवारी २०२५

दिपेश,

वरती अनेक आशीर्वाद वगैरे लिहायला हवं, मोठा भाऊ आहे मी तुझा. पण तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करतोय. फोन तू घेत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझे सगळे मेसेज एकाच टिकवर अडकलेत, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस, एवढं या अडाण्यालाही कळतं. शेवटी शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच वही-पेन घेऊन बसलो. खाडीतल्या तरीवर तिकिटं फाडतो त्या हर्षदकडे हे पत्र देतोय. करंज्याहून बोट सुटली की पंधरा-वीस मिनिटांत रेवसला लागते आणि धक्क्यावरून तुझं वर्कशॉप पाच मिनिटांवर. तेव्हा पत्र मिळालंच नाही असं काही तू म्हणू नकोस.

हॉस्पिटलातून घरी येऊन तुला बारा दिवस झाले. पोट अजून दुखतं का? जेवण जातं का? आई रोज विचारते आणि मी रोज 'बरा आहे' म्हणून सांगतो. मला काय माहीत बरा आहेस की नाही.

मी इथे जरा माहिती काढली. कंटेनर यार्डात आमचं दरवर्षी मेडिकल करायला येतात त्या डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, की हे ट्रायग्लिसराईड म्हणजे नक्की प्रकरण काय आहे. ते म्हणाले, ही रक्तातली चरबी. अंगाला लागतं त्यापेक्षा जास्त खाल्लं की शरीर उरलेल्याची चरबी करून ठेवतं, तीच रक्तातून फिरते. दीडशेच्या आत असावी. पाचशेच्या वर गेली की सावध व्हायचं. हजाराच्या वर गेली की स्वादुपिंड कधी सुजेल याचा नेम नाही. तुझी हॉस्पिटलात एकवीसशे निघाली, दिपेश. मी आकडा सांगितल्यावर ते डॉक्टर जागेवरून उठलेच.

आपण समजतो मटण आणि तेलानेच वाढते. तेही आहेच. पण साखर, कोल्ड्रिंक, मैदा आणि आपला तो ताटभर पांढरा भात, यातलं जे उरतं त्याची चरबी व्हायला वेळ लागत नाही म्हणे. तू दिवसाला सहा चहा पितोस आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घालतोस. ती बंद कर. भात वाटीने घे. भाकरी तांदळाची केलीस तर एकच. बांगडा खा, पण तळू नकोस, थोडक्या तेलात कालवण कर. गोळ्या दिल्यात त्या बरं वाटलं म्हणून मनाने सोडू नकोस. आणि दिवसभर लाँचच्या इंजिनापुढे उकिडवा बसतोस त्याला चालणं म्हणत नाहीत, संध्याकाळी खाडीच्या कडेने जरा पाय मोकळे करत जा. बघ, अर्धा डॉक्टर झालो की नाही मी!

हॉस्पिटलात मी काही बोललो असेन तर ते गडबडीत बोललो. हळदीच्या गर्दीत कोण काय करतं, कोण कुणाला बघायला जातं? झालं ते झालं. तू मनात धरू नकोस.

तुझा
दादा


करंजा,
१२ फेब्रुवारी २०२५

दिपेश,

हर्षद म्हणाला, तू पाकीट घेतलंस, उलटं करून बघितलंस आणि खिशात घातलंस. उघडलं नाहीस. त्याला मी खोदून खोदून विचारलं, तर तो वैतागून म्हणाला, "मोरूदादा, मी तिकीट फाडू का तुझ्या भावाला बघू?"

काल आईकडून कळलं, की तुळशी मृणालीला घेऊन आगरदांड्याला माहेरी गेली आहे. तू हॉस्पिटलातून आलास त्याच आठवड्यात. मला वाटत होतं, ती रेवसलाच आहे, तुला पेज करून देते आहे. तू त्या घरात एकटा आहेस, हे मला तीन आठवड्यांनी कळतंय.

म्हणून मागच्या पत्रातलं शेवटचं जे लिहिलं ते खोटं होतं, हे आधी सांगतो. मी गडबडीत काही बोललो नव्हतो. मला प्रत्येक शब्द आठवतो.

माझ्या क्रांतीच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुला उलट्या सुरू झाल्या, पोट धरून तू मांडवातच आडवा झालास आणि आम्ही तुला गाडीत घातलं. वॉर्डात तुझ्या खाटेशी मी होतो, तुळशी होती आणि दाराशी मृणाली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि तुला विचारलं, "दारू किती घेता?" तू म्हणालास, "थेंब न्हाय, साहेब." बाप दारूने गेला तेव्हापासून तू बाटलीला हात लावला नाहीस, हे करंज्यात कुणालाही माहीत आहे. तुळशीच्या वडिलांचंही तेच झालेलं, म्हणून तर तिने तुला होकार दिला होता. पण डॉक्टरांना कुठे माहीत होतं? रोज असं म्हणणारी दहा माणसं त्यांना भेटत असतील. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "घरच्यांनी खरं सांगा, उपचाराला बरं पडतं." मी खाली बघितलं आणि म्हणालो, "हळदीचा दिवस होता, साहेब. कोण कुणाला बघतं?"

एवढंच बोललो. पीत होता असं म्हणालो नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो. पण तुळशीने तुझ्याकडे कसं बघितलं ते मी पाहिलं. मृणाली दारातून निघून गेली तेही पाहिलं.

आता खरं ऐक. नवरीचा बाप म्हणून त्या दिवशी वाढायला मीच होतो. ट्रे माझ्याच हातात होता. सगळ्यांचे ग्लास मी भरत होतो आणि तुझ्यापुढे कोल्ड्रिंकच्या बाटल्या मीच उघडून ठेवत होतो, चार तरी उघडल्या असतील. वर 'भावाच्या पोरीची हळद आहे, लाजतोस काय' म्हणून तीनदा भात आणि दोनदा जिलबी वाढली. तुझ्या ओठाला दारू लागली नाही, हे जगात मला सोडून इतकं नक्की कुणालाच माहीत नाही.

आई एकटी म्हणत होती, "माजा दिपेश न्हाय पियाचा." मी तिला गप्प केलं.

आणखी एक. मृणालीचं रक्त तपासून घ्या. बारा तास उपाशी ठेवून. हे घराण्यात असू शकतं, आई-बापाकडून पोरांत येतं. मला कसं माहीत, ते विचारू नकोस.

दादा


करंजा,
२० फेब्रुवारी २०२५

दिपेश,

तुझी चिठ्ठी मिळाली. माझ्याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला तू लिहिलंस. चार ओळी आहेत, पण पाठ झाल्यात:

"दादा, नवीन डॉक्टर बोलतात हे आधीपासून असंल. जुना रिपोर्ट हाय का विचारतात. मी बोललो कदी रगतच दिलं न्हाय. मग आठवलं, तुज्या नावानं एकदा दिलं होतं. त्यात काय आलेलं?"

अकराशे ऐंशी आलं होतं.

आता सगळं लिहितो. मधेच थांबलो तर परत लपवायला लागेन.

तुला आठवत असेलच, २०२२चा ऑगस्ट. त्याच्या आदल्या वर्षीच्या मेडिकलमध्ये माझं ट्रायग्लिसराईड पाचशे वीस आलं होतं आणि यकृतावर चरबी. साहेबांनी बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षी असाच रिपोर्ट आला तर मशीनवरून उतरवणार. रीच स्टॅकर चालवणारा माणूस मी, कंटेनर उचलून पाच थरांवर ठेवणारा. गावात लोक मला मशीनवाला मोरू म्हणून ओळखतात. उतरवलं तर यार्डात कागद धरून कंटेनरचे नंबर टिपत फिरायचं, कालच्या पोरांच्या हाताखाली. वर्षभर मी दारू कमी केली नाही, भात कमी केला नाही, एक दिवस चाललो नाही. मेडिकल पंधरा दिवसांवर आलं तेव्हा मला तू आठवलास. काटकुळा, निर्व्यसनी, छत्तीस वर्षांचा. मनात म्हटलं, याच्याइतकं स्वच्छ रक्त अख्ख्या तालुक्यात मिळायचं नाही.

तू पहिल्या तरीने उपाशीपोटी आलास. वाटेत मला विचारलंस, "दादा, पानी पिलं तर चालंल ना?" मी चालेल म्हटलं. बाजारातल्या त्या लॅबमध्ये पोरीने मान वर न करता नाव विचारलं. तू माझं नाव सांगितलंस आणि वय सत्तेचाळीस. तिने काही बघितलं नाही, दंड बांधला आणि रक्त घेतलं. बाहेर आल्यावर मी तुला दोन चहा पाजले आणि जिलबी खायला घातली. तू हसत होतास. भावाच्या कामाला आलो म्हणून तुझी छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून माझ्या फोनवर फोन आला. बाई म्हणाल्या, "मोरेश्वरजी, तुमच्या रक्ताचं पाणी दुधासारखं पांढरं दिसतंय. परत तपासून घेतलं, अकराशे ऐंशी आहे. आजच डॉक्टरांना दाखवा, पोटात दुखलं तर अजिबात थांबू नका. आणि भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा." त्यांना वाटत होतं, त्या मलाच सांगताहेत.

पहिल्यांदा मी शिवी घातली. तुला, लॅबला, सगळ्यांना. मग वाटलं, चुकून दुसऱ्याचं रक्त लागलं असेल. मग वाटलं, तुला सांगावं. फोन हातात घेतला होता मी, दिपेश, खोटं नाही. पण सांगितलं तर तू डॉक्टरकडे जाणार. तो विचारणार, आधीचा रिपोर्ट कुठे आहे? तू भोळा, माझ्या नावाचा कागद काढून पुढे ठेवणार. आणि गावात गोष्ट फुटली की माझं मशीन गेलं. तो फोन मी खाली ठेवला.

पण हे अर्धंच कारण झालं. दुसरं अर्धं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

मला बरं वाटलं. आई लहानपणापासून सगळ्यांना सांगते, "दिपेश माजा सरळ हाय, मोरू बापावर गेलाय." तीस वर्षं ऐकतोय. लॅबमधून कागद आणला, तो आकडा बघितला आणि मनात आलं, घ्या, हा तुमचा सरळ. कागद घडी करून मी हसलो. एकटाच होतो घरात. हे मी आजपर्यंत सुचितालाही सांगितलेलं नाही, बायकोला सांगायलाही तोंड लागतं.

संध्याकाळी तूच फोन केलास, रिपोर्ट कसा आला म्हणून. मी म्हणालो, "तुझं रक्त सोनं आहे सोनं!" तू खूश झालास.

पुढे काय झालं, तेही ऐक म्हणजे माझी पुरती शोभा होईल. मी बारा दिवस दारू सोडली, भात अर्धा केला, साखर बंद केली, यार्डाला चार फेऱ्या मारत होतो. भीतीने, दुसरं काही नाही. दुसऱ्या लॅबमध्ये स्वतःचं रक्त दिलं. तीनशे दहा आलं आणि मी मेडिकल पास झालो. तुझ्या रक्ताची मला गरजच नव्हती. थोडं तोंड आवरलं असतं तर तू त्या लॅबची पायरी चढला नसतास आणि मला हे काही कळलंही नसतं. पण कळलं, आणि अडीच वर्षं मी ते क्रांतीच्या दहावीच्या मार्कशीटखाली दडवून ठेवलं. तेव्हा औषध सुरू झालं असतं, साखर सुटली असती, तर हळदीच्या दुसऱ्या दिवशी तू मांडवात लोळला नसतास. माझ्या डॉक्टरांनी हे मला स्पष्ट सांगितलं. मी त्यांना 'एका ओळखीच्या माणसाची गोष्ट' म्हणून विचारलं होतं.

म्हणून हॉस्पिटलात मी खाली बघितलं. तू पीत नाहीस असं मी ठामपणे म्हणालो असतो, तर डॉक्टर पुढे विचारणार होते, मग इतकं कशाने, आधी कधी वाढलं होतं का? तू दारुडा ठरलास की मी सुटत होतो. सगळा हिशेब अर्ध्या मिनिटात झाला माझ्या डोक्यात.

तो कागद तुझ्या डॉक्टरांना हवा आहे. पण आधी तो तुळशीच्या हातात पडायला हवा. तिला मी स्वतः लिहितो. हे काम तुझ्यावर टाकणार नाही.

दादा


करंजा,
१ मार्च २०२५

तुळशी,

तुला पत्र लिहायचा माझा हक्क नाही, तरी रजिस्टरने पाठवतोय, म्हणजे सही करून तुला घ्यावंच लागेल. फाडायचं तर सगळं वाचून फाड.

सोबत एक लॅबचा रिपोर्ट आहे, २२ ऑगस्ट २०२२चा. वर छापलेलं नाव माझं आहे. ते मी पेनाने खोडून खाली दिपेशचं नाव लिहिलंय आणि माझी सही केलीय. रक्त त्याचं आहे. माझ्या नोकरीच्या मेडिकलसाठी मी त्याला माझ्या नावाने द्यायला लावलं होतं. त्यात अकराशे ऐंशी आलं. त्याला आजार तेव्हापासून आहे, कदाचित जन्मापासूनच. ते मला माहीत होतं आणि मी त्याला सांगितलं नाही.

हळदीला तो दारू प्यायला नव्हता. मी वाढत होतो, मी शपथेवर सांगतो, पंचांसमोर सांगायला लावलंस तरी सांगतो. हॉस्पिटलात मी तसं बोललो कारण मला माझं पाप झाकायचं होतं. तू नवऱ्यावर संशय घेतलास तो माझ्या शब्दावर घेतलास. तुझी चूक नाही. त्याची तर नाहीच नाही.

यार्डात साहेबांना हे सगळं परवा सांगितलं. मशीनवरून उतरवलंय. ते असो.

मृणालीचं रक्त तपासून घे, एवढीच विनंती. आदल्या संध्याकाळी लवकर जेवण, मग बारा तास फक्त पाणी. लॅबमध्ये तिचंच नाव, तिचंच वय सांगा.

मोरेश्वर


करंजा,
१७ मार्च २०२५

दिपेश,

काल मृणालीचा फोन आला. मी यार्डात कागद घेऊन उभा होतो. ती म्हणाली, "काका, माझं सहाशे चाळीस आलंय." तीच पुढे म्हणाली, "आई खूप रडली. आम्ही उद्या रेवसला जातोय. बाबांना सांगितलंय." मी 'बरं झालं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. काय बरं झालं? सोळा वर्षांची पोर, तिच्यावर कुणी दारूचा संशय घेणार नाही, म्हणून तिचा बाप खरा ठरला. माझ्या सहीने तू सुटला असतास की नाही, देव जाणे. तिच्या रक्ताने सुटलास.

तुम्ही तिघं आता एकत्र असाल. तिच्यासाठी डॉक्टर काय सांगतील ते करा, लहान वयात सापडलं तर पुष्कळ आवरतं असं मला सांगितलंय. कोल्ड्रिंक आणि बिस्किटांचे पुडे घरात आणूच नका. नुसतं तिला बंद करून तुम्ही खाऊ नका, तिघांचं ताट एकच ठेवा. आई म्हणते, नाचणीचं पीठ दळून पाठवते. ती तुझ्याकडे यायचं म्हणते, तिला मी तरीवर बसवून देईन. मी येणार नाही, घाबरू नकोस.

माझं रक्तही परवा दिलं. लॅबच्या पोरीने मान वर न करता नाव विचारलं. मी सांगितलं. दोनशे ऐंशी आलं. बाप दारूने गेला, मी आयुष्यभर दारू प्यायलो आणि मला दोनशे ऐंशी. तुम्हा बापलेकीला असलं काही देऊन देवाने मला का वगळलं, ते मला कळत नाही. आईला सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं आणि आत गेली.

दिपेश, एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. मुद्दाम ठेवली होती असं नाही, तेव्हा माझ्याही लक्षात आली नव्हती. २०२२ला मृणाली तेरा वर्षांची होती. तो आकडा बघून मी हसलो तेव्हा तो तिचाही होता. त्यानंतर तीन गणपती झाले, दर वेळी ती आमच्याकडे आली आणि मोदकांवर तूप घालून मी तिला आग्रहाने वाढलं. हळदीलाही ती तुझ्या शेजारीच बसली होती. तुझ्या बाटल्या मोजून सांगितल्या मी तुला, चार. तिच्यापुढच्या मोजल्या नव्हत्या. त्याही मीच उघडल्या होत्या. तिने थँक्यू काका म्हटलं होतं.

खाली दादा लिहीत नाही. ते तू म्हणशील तर.

मोरेश्वर